गुडघ्यांपुरती जागा

भिकननाना पहिल्यांदा माझ्या घरी आले ते चहाला, आणि जाऊन बसले थेट ओट्याखाली. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत मी नुकतीच राहायला आले होते. समोरच्या घरात एक वयस्कर जोडपं आहे, नवरा पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झालाय आणि अजून नळाची कामं करतो, एवढं कानावर आलं होतं. शेजारधर्म म्हणून बोलावलं, तर हा माणूस माझं 'या, बसा' पुरं व्हायच्या आत स्वयंपाकघरात शिरला. सिंकखालचं कपाट उघडून त्यांनी माझे कांदे-बटाटे बाजूला केले, खिशातली बॅटरी पेटवली आणि आत डोकं घातलं. मी चहाचा कप धरून त्यांच्या पाठीशी गप्पा मारत उभी राहिले.

"बाई, हे कोणी बसवलं?" आतून आवाज आला. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून पहिल्या दिवसापासून अख्ख्या कॉलनीची मी बाईच.

"बिल्डरने."

"त्याच्या घरी असंच शे का, इचारा त्याला."

सिंकखाली पाइपला एक वळण असतं, त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वळणात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि ते पाणी गटारीचा वास वर येऊ देत नाही. इतकी वर्षं भांडी घासूनही हे मला ठाऊक नव्हतं. ते त्या दिवशी माझ्याच ओट्यापुढे उकिडवं बसून कळलं. "पाणी जाऊ द्यायचं, वास येऊ द्यायचा नाही. एवढंच आमचं शास्त्र, बाई. वळणात दोन इंच पाणी पायजे म्हणजे पायजे. तुमच्यात एक शे." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येईपर्यंत ते नवा ट्रॅप घेऊन पायरीवर बसलेले होते. मी बोलावलं नव्हतं. नको म्हणायची सोयही त्यांनी ठेवली नव्हती.

बुटका, काटक माणूस. कानावर सुताराची असते तशी पेन्सिल, पँटच्या खिशात मोजायची टेप. ती टेप बोलता बोलता बाहेर काढायची आणि सटकन आत सोडायची, ही त्यांची सवय. समोरचा फार बोलायला लागला की सटकन आवाज यायचा. तो आवाज झाला की आपण आवरतं घ्यायचं, हे मी लवकर शिकले. कोणी नवं घर घेतलं, वास्तुशांतीला बोलावलं, की बाकीचे लोक टाइल्स आणि पीओपी बघत फिरायचे, आणि नाना मोरीत. "घर वरून नका पाहू, बाई. वरून सगळेच चांगले दिसतात."

त्यांच्या पुतण्याला मुलगी पाहायला धुळ्याला गेले होते, ती गोष्ट त्यांची बायको, सुमनअक्का, मला नेहमी सांगायची. पोहे झाले, प्रश्नोत्तरं झाली, आणि मोठे काका गायब. शोधाशोध झाली तेव्हा सापडले पाहुण्यांच्या सिंकखाली. मुलीकडचे लोक अवघडले, पुतण्या लाजेने लाल झाला. नाना हात पुसत बाहेर आले आणि भर बैठकीत विचारलं, "पाइपला सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोणी बांधला?" मुलीने खाली मान घालून सांगितलं, "मी." नाना म्हणाले, "पोरगी पसंत शे. आमच्या पोराला तेवढं विचारून घ्या." त्या सुनेचं आणि नानांचं अजूनही फार जमतं.

कॉलनीत कोणी गावाला गेलं की घराची किल्ली नानांकडे. जळगावच्या उन्हाळ्यात बंद घरातल्या ट्रॅपचं पाणी वाळून जातं आणि माणसं परत येऊन दार उघडतात तर घरात गटार. म्हणून नाना दर तीन-चार दिवसांनी कुलपं उघडत फिरायचे आणि प्रत्येक सिंकमध्ये, बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतून यायचे. मी चेष्टा करायची, "नाना, मे महिन्यात लोक महादेवाला पाणी घालतात, तुम्ही मोऱ्यांना घालता." ते मनापासून हसायचे. अक्का ओट्यावरून ओरडायची, "त्यास्नी महादेव तोच शे!"

अक्का तेव्हा ठणठणीत होती. आवाज असा, की माझ्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना तिचं बोलणं मध्ये यायचं. मग एका सकाळी अंगणात सडा टाकताना ती खाली बसली आणि उठलीच नाही. लकवा. उजवं अंग गेलं. तोंड थोडं वाकडं झालं, शब्द जाडे आणि थोडके झाले, आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. मुलगा सुरतेहून आला, पंधरा दिवस राहिला, रडला आणि गेला. त्याचीही नोकरी होती. सकाळ-संध्याकाळ अक्काचं अंग पुसायला, साडी नेसवायला एक बाई यायची. ती आली नाही की मी जायची. अशा कामात दोन बायकांमध्ये आडपडदा राहत नाही. नानांना ती जे सांगायची नाही ते मला सांगायची, नाहीतर नुसतं माझ्याकडे बघायची आणि मला कळायचं.

नानांचं गाव शिंदखेड्याजवळ. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या भावकीची देवी, कानबाई, बसते. सुरत, नाशिक, पुणे, असेल तिथून माणूस गावी येतो आणि सगळे एका घरात रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, खातात. भावकीत नाना सगळ्यांत मोठे, म्हणून चाळीसेक वर्षं रोटाच्या पिठाला पहिला हात अक्काचा. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू; ते मोजायचे, दळायचे, भिजवायचे, सगळं तिच्या देखरेखीखाली. लकव्याच्या पहिल्या वर्षी नाना तिला गावी घेऊन गेले. त्या घराची मोरी पायरी उतरून, संडास परसात. तिला उचलायला चार जणी लागायच्या. एका उचलण्यात तिची साडी सुटली, अंगणात सगळे दीर, पुतणे बसलेले. सगळ्यांनी माना वळवल्या. अक्का म्हणते, त्या माना वळवल्या तेच तिच्याच्याने बघवलं नाही. परत आल्यावर तिने सांगून टाकलं की आता कोणाच्याच घरी नाही. पुढच्या श्रावणात नानाही गेले नाहीत. दोघं पिंप्राळ्यात खिचडी खाऊन बसले.

त्याच्यानंतर काही महिन्यांनी नाना एक गाडी घेऊन आले. धुळ्याच्या एका हौशी व्यापाऱ्याने मिनीबसमध्ये राहायचं घर करून घेतलं होतं. आत झोपायला बाक, छोटा ओटा, सिंक, कोपऱ्यात संडास, सगळं. तो वारल्यावर मुलांनी ती एका गॅरेजमागे लावून दिली आणि तिच्यात उंदरांनी संसार थाटला. नानांनी पूर्वी कारखान्याचा मालट्रक चालवला होता. त्यांनी हे धूड स्वतः चालवत आणलं आणि आमच्या दोघांच्या घरांमध्ये उभं केलं. सगळी कॉलनी जमली.

"नाना, हे काय काढलं?" मी विचारलं.

"बाई, सुमन कोणाच्या घरी जात नाही ना? मग तिचं घर घेऊन जातो. गावात घरापुढे उभं करेन. तिची मोरी तिच्याजवळ. कोणी उचलायचं नाही, कोणी मान वळवायची नाही. या श्रावणात रोट तिच्या हातचे."

पुढचे पाच-सहा महिने त्या गाडीत ठोकठोक चालू होती. सडलेलं प्लायवुड निघालं, नवं बसलं. मागच्या दाराला खुर्ची चढवायला लोखंडी उतार झाला. संडासात धरायला दांडे लागले. माझं काम टेप धरणे. हाताने मला खिळाही सरळ ठोकता येत नाही, पण आकडे बिनचूक लिहिते.

अडलं ते सिंकपाशी. अक्काला एक हात होता, आणि त्या हाताने डाळ धुवायची, पीठ भिजवायचं, पेला विसळायचा, तर खुर्ची ओट्याखाली आत जायला हवी. गाडीत जागा ती किती! सिंकखालचा पाइप नेमका मधोमध लोंबत होता आणि अक्काचे गुडघे त्याला आपटायचे. नाना अक्काला रोज खुर्चीत बसवून जमिनीपासून गुडघ्यापर्यंत मोजायचे. गुडघा का रोज वाढतो? पण ते मोजायचे, आणि अक्का हसायची. लकव्यानंतर मी तिला हसताना पाहिलं ते त्या मोजण्याच्या वेळी.

शेवटी त्यांनी ट्रॅप मधून काढला. सिंकच्या तळाशी घासून आडवा पाइप मागच्या भिंतीपर्यंत नेला आणि वळण तिथे, भिंतीला चिकटवून बसवलं. तरी मागे चाकाच्या वरचा उंचवटा आड येत होता. तेव्हा त्यांनी वळणच उथळ केलं. स्वतःच्या हाताने पाइप कापून, चिकटवून, पाऊण इंच पाणी राहील असं. मी वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, "नाना, दोन इंच पायजे म्हणजे पायजे ना? स्वतःचा नियम मोडताय."

"नियम आपल्या जागी," ते म्हणाले, "आधी तिचे गुडघे बसू द्या."

आणि बसले. अक्काची खुर्ची ओट्याखाली सरकली, गुडघे आत गेले, वर वितभर जागा उरली. तिने डाव्या हाताने नळ उघडला, एक वाटी धुतली, उपडी ठेवली. मग तीच वाटी परत धुतली. नाना गाडीबाहेर जाऊन उभे राहिले. मीही दुसरीकडे बघितलं. पुढचे आठ-दहा दिवस ती रोज गाडीत बसून दोघांची भांडी धुवायची. सांडपाणी गाडीखालच्या टाकीत साठत होतं.

आषाढात नानांनी चाचणी काढली. एरंडोलपर्यंत जायचं आणि परतायचं. अक्का खुर्चीत, खुर्ची पट्ट्याने बांधलेली, शेजारी बाकावर मी. पाऊस ओढ काढून बसला होता, रस्त्याचं काम चालू, धुरळा फार, म्हणून काचा बंद. अक्का खिडकीतून कापूस बघत होती आणि कोणाचं शेत चांगलं, कोणाचं नाही, ते हाताने दाखवत होती. दोन वर्षांनी ती गावाबाहेर पडली होती.

पाळधी मागे टाकल्यावर गाडी खड्ड्यांतून उसळायला लागली आणि थोड्या वेळाने वास आला. आधी किंचित, मग गाडीभर. मी काही विचार केला नाही. माझा हात आपोआप पर्सकडे गेला आणि मी रुमाल नाकाला लावला.

अक्काने खिडकीवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग तिचा डावा हात हळूहळू स्वतःच्या साडीखाली गेला, चाचपून आला. तिने तो नाकाजवळ नेला. तिला डायपर लावलेला असायचा, हे आम्हा तिघांखेरीज फक्त त्या कामाच्या बाईला माहीत.

"बाई," ती म्हणाली, "हाऊ वास मना शे का?"

"नाही हो अक्का! गाडीचा आहे कसला तरी," मी म्हणाले. पण रुमाल माझ्या नाकावरच होता. तो खाली घ्यायचं मला सुचलं तोवर ती रडायला लागली होती. आवाज न करता, वाकड्या तोंडाने.

नानांनी गाडी बाजूला घेतली, मागे आले, सिंकपाशी वाकले, आणि एका क्षणात त्यांना कळलं. वळणातलं पाऊण इंच पाणी उसळून बाहेर गेलं होतं आणि टाकीतला आठ दिवसांचा कुजका वास मोकळा वर येत होता. ते तिथेच खाली बसले. "घर हलतं, बाई," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी उभ्या घरांची कामं केली. घर हलतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही." मग अक्काच्या पायाशी सरकले. "ऐक वं, हाऊ वास तुना नही शे. मना पाइपना शे."

अक्का एवढंच म्हणत होती, "माले घर लई चला."

पुढचे तीन आठवडे नानांनी जे केलं ते बघवत नव्हतं. टाकी धुतली, हवा जायला छतापर्यंत नळी काढली. कुठून तरी एक चपटा ट्रॅप मागवला, त्यात पाणीच लागत नाही. आत रबराची पिशवीसारखी नळी असते, पाणी आलं की उघडते, गेलं की मिटते. तो भिंतीशी आडवा बसला, गुडघ्यांची जागा तशीच राहिली. मग मला सिंकपाशी बसवून त्यांनी पिंप्राळ्यातल्या एकूण एक गतिरोधकावरून गाडी उडवली. "येतो का वास? बाई, खरं सांगा." मी सिंकला नाक लावून सांगत होते, नाही, नाही, नाही.

पण अक्का गाडीत बसेना. नानांनी जुना ट्रॅप मधोमध कापला आणि तिच्या पुढ्यात शाळेतल्या प्रयोगासारखा मांडला. पाणी भरून दाखवलं, हलवून सांडून दाखवलं. मग नव्यात फुंकर मारून दाखवली, हवा जात नाही. इतकं गोड बोलून त्यांनी कधी कोणाला समजावलं नसेल. अक्काने सगळं नीट पाहिलं. तिला कळलंही. ती म्हणाली, "पाइप बदलाई गया. माले कोन बदली?"

नानांनी खिशातली टेप हातात घेतली होती, ती तशीच परत ठेवली.  उत्तर खरं तर मी द्यायला हवं होतं. मी किती वेळा ठरवलं की अक्काला सांगावं, रुमाल मी लावला तो पाइपच्या वासाला, तुम्हाला नाही. एकदा सांगितलंही. तिने माझा हात थोपटला आणि पाणी मागितलं.

कानबाईचा रविवार आला. नाना पहाटेच आंघोळ करून, पांढरा सदरा, टोपी घालून गाडी पुसत होते. लोखंडी उतार खाली सोडलेला. आणि अक्काने मला खुणेने तिची हिरवी साडी काढायला सांगितली. मी नेसवली. कुंकू लावलं. तिने आरसा मागितला, केसांवरून हात फिरवला. मी खुर्ची ढकलत अंगणात आणली तेव्हा नानांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. हातातलं फडकं त्यांनी गाडीवर टाकलं, धावत आले, खुर्चीचे दांडे माझ्या हातातून घेतले आणि उताराकडे निघाले.

उताराच्या तोंडाशी अक्काने डाव्या हाताने चाक धरलं.

एकच हात. नानांनी जरा जोर लावला असता तर खुर्ची वर गेली असती. त्यांनी लावला नाही. पुढे आले आणि उतारावर तिच्यासमोर बसले. "वास नही शे आते," ते म्हणाले. "बाईले इचार."

अक्का म्हणाली, "भावकीमा मोठा तुमी शेत. जा. रोट थांबावत नही." सगळी तयारी तिने त्यांना निरोप द्यायला केली होती. कानबाईला जाणाऱ्या नवऱ्यासमोर गाऊनवर बसायचं नव्हतं तिला.

गावाहून पुतण्याचा दोनदा फोन येऊन गेला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकेल ती."

मी तिच्याजवळ वाकले. "अक्का, खरंच वास येत नाही. मी स्वतः बसून पाहिलंय." अक्काने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुमी चांगल्या शेत, बाई," ती म्हणाली आणि चाक सोडलं नाही.

शेवटी नाना उठले. उतार एकट्याने उचलून लावला. ओटा, सिंक, दांडे, बाक, सगळं घर घेऊन ते एकटे चालकाच्या जागेवर बसले. गाडी सुरू केली, मग काच खाली करून मला हाक मारली. मी गेले.

"संध्याकाळपर्यंत येतो. जरा बघाल तिच्याकडे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी गाडीच्या आरशात पाहिलं. माझ्या पायी तुम्हालाही नाकाला रुमाल लावून बसावं लागलं. माफ करा."

मी म्हणाले, "असू द्या, नाना."

गाडी कोपऱ्यावरून वळली. मी परत अंगणात आले तर अक्का वाटेकडेच बघत होती.

"काय सांगतस?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "वेळेवर जेवून घ्या म्हणाले."